अपघात झाला. पुढे काय?

विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की आपण व्हिडिओ फॉरवर्ड करतो, दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी ऑफर बघून तिकीट बुक करतो. पण ज्यांचा रोजचा कामधंदाच हवेत आहे, ती माणसं अपघातानंतर काय करतात? महाराष्ट्राच्या टोकावरच्या अच्छाडला बसून घेतलेला हा कानोसा...

तुम्ही ऑफिसला कसे जाता? विरार फास्ट, बेस्टची बस, शेअर रिक्षा, फार तर ईएमआयवर घेतलेली कार. मुंबईत एक ऑफिस असं आहे, जिथे जायला हेलिकॉप्टरच लागतं. आणि त्यात बसणारे कुणी बडे उद्योगपती नसतात. इंजिनीअर, टेक्निशियन, वेल्डर, केटरिंगची पोरं अशी तुमच्याआमच्यासारखीच माणसं असतात. पाठीवर सॅक, खिशात आयकार्ड. जुहूच्या एअरोड्रोमवरून उडायचं आणि समुद्रात साधारण १६० किलोमीटर आत, बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर उतरायचं. १४ दिवस काम, १४ दिवस सुट्टी. त्यांच्या भाषेत हेलिकॉप्टर म्हणजे ‘चॉपर’, आणि चॉपर म्हणजे ऑफिसची बस!

१३ जानेवारी २०१८, शनिवार. सकाळी सव्वादहाच्या सुमारास पवनहंसचं एक डॉफिन हेलिकॉप्टर जुहूहून निघालं. आत ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन पायलट. अकराच्या आत पोचायचं होतं. थोड्याच वेळात संपर्क तुटला. कोस्ट गार्ड आणि नेव्हीची शोधाशोध सुरू झाली आणि डहाणूच्या बाजूच्या समुद्रात अवशेष सापडले. सातपैकी कुणीही वाचलं नाही.

त्याच सकाळी, त्याच डहाणूत आणखी एक घटना घडत होती. पारनाक्याच्या किनाऱ्यासमोर सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली. तीन मुली गेल्या. एका बाजूला बोटीतली मुलं, दुसऱ्या बाजूला बेपत्ता हेलिकॉप्टर. किनाऱ्यावरच्या लोकांना तो शनिवार अजून आठवतो.

नाक्यावरचा चहा

अच्छाड म्हणजे तलासरी तालुका, पालघर जिल्हा. मुंबईहून अहमदाबाद हायवेने निघालात की इथे महाराष्ट्र संपतो आणि दुकानांच्या पाट्या गुजरातीत बोलायला लागतात. दिवसरात्र ट्रक. इथे विमानाबिमानाचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं, पण माझा मावसभाऊ इथलाच. गेली काही वर्षं तो ऑफशोअरला आहे. घर या सीमेवर आणि ऑफिस समुद्रात!

नाव छापू नकोस, म्हणाला. म्हणून आपण त्याला नुसतं दादा म्हणू. २०१८ मध्ये तो या कामात अगदी नवखा होता. त्या शनिवारी तो ऑफवर होता, घरी अंथरुणात लोळत पडलेला. वहिनीने टीव्हीवर खालून सरकणारी पट्टी वाचली. नवरा बाजूच्या खोलीत झोपलाय हे तिला माहीत होतं. तरी ती आत गेली आणि त्याला हलवून उठवलं. नुसतं बघायला, की आहे ना!

“मग पुढच्या वेळी गेलास?” मी विचारलं.

“गेलो ना. आठ दिवसांनी. त्याच टाइपच्या मशीनमध्ये.”

भीती नाही वाटली का, हा प्रश्न आपल्या ओठांवर येतोच. दादाने सरळ सांगितलं, वाटली. चॉपरमध्ये एरवी कुणी ना कुणी टवाळी करतं, त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही. पण सेफ्टी ब्रीफिंगचा व्हिडिओ मात्र सगळ्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बघितला.

पहिला तास : कोण होतं?

दादाच्या ओळखीने एका निवृत्त हेलिकॉप्टर पायलटशी फोनवर बोलले. त्यांनी जे सांगितलं त्यातून या मंडळींची रिअ‍ॅक्शन कशी असते याचा एक नकाशाच मिळाला.

हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांचं जग अगदी छोटं आहे. बरेचसे आर्मी, नेव्ही, एअरफोर्समधून आलेले. अपघाताची बातमी आली की पहिला फोन आणि पहिला प्रश्न एकच: कोण होतं? कारण दहापैकी पाच वेळा ते नाव ओळखीचं निघतं. कुणाबरोबर कोर्स केलेला, कुणाकडून मशीन शिकलेलं, कुणाच्या घरी जेवलेलं. दुसरा प्रश्न: कुठलं मशीन? तिसरा: हवा कशी होती?

आणि मग जाहीरपणे गप्प बसायचं. खासगीत अंदाज बांधले जातात, नाही असं नाही. पायलटही माणसंच. पण चॅनेलवर जाऊन ‘पायलटचीच चूक’ असं म्हणणाऱ्या आपल्याच माणसाबद्दल या वर्तुळात भयंकर राग असतो. आज त्याच्याबद्दल बोलतोयस, उद्या तुझ्याबद्दल कुणी असंच बोललं तर?

हा राग २०२५ मध्ये सगळ्या देशाने बघितला. १२ जूनला एअर इंडियाचं १७१ हे ड्रीमलायनर अहमदाबादहून उडालं आणि काही सेकंदांत मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. बरोबर महिन्याने, १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकामागोमाग एक बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. कॉकपिटमधला एक जण दुसऱ्याला विचारतो की तू ते का बंद केलंस, आणि दुसरा म्हणतो की मी नाही केलं. बस, एवढंच. कुणी केलं, कसं झालं, यावर अहवालाने निष्कर्ष काढला नव्हता. पण आपण काढला! परदेशी वृत्तपत्रांनी काढला, यूट्यूबवरच्या तज्ज्ञांनी काढला, ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी घेता घेता आपणही काढला.

पायलटांच्या संघटना खवळल्या. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सने परदेशी माध्यमांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या. विमानाचे कॅप्टन सुमीत सभरवाल मुंबईचे. त्यांचे नव्वदी ओलांडलेले वडील स्वतंत्र चौकशीसाठी सुप्रीम कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने त्यांना सांगितलं की मुलावर दोष येतोय असं ओझं मनावर घेऊ नका. या वयात एका बापाला हे कोर्टाकडून ऐकावं लागलं, यातच आपल्या फॉरवर्डचा हिशोब आला.

दोषी कोण, हा प्रश्नच नाही!

आता यातला खरा फंडा. जगभरात विमान अपघाताची चौकशी ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होते, त्यात स्पष्ट लिहिलंय की चौकशीचा हेतू एकच : पुन्हा असा अपघात होऊ नये. कुणाला दोषी ठरवणं हा तिचा हेतू नाही. त्यासाठी पोलीस आहेत, कोर्टं आहेत. आपल्याकडे हे काम एएआयबी करते, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो. विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं डीजीसीए वेगळं आणि ही संस्था वेगळी. साधारण ३० दिवसांत प्राथमिक अहवाल आणि शक्यतो वर्षभरात अंतिम अहवाल, अशी अपेक्षा असते.

हे ऐकायला फार उदार वाटतं, पण त्यामागे पक्का व्यवहार आहे. शिक्षा होणार हे माहीत असेल तर माणूस खरं सांगत नाही. खरं कळलं नाही तर तीच चूक दुसरा करतो. अमेरिकेत १९७६ पासून एक योजना चालते. वैमानिकाने स्वतःची चूक, थोडक्यात टळलेला अपघात, असं सगळं कळवायचं. माहिती जाते नासाकडे, नावगाव गाळलं जातं आणि उरलेला मजकूर सगळ्यांना वाचायला मिळतो. आता तुमच्या ऑफिसातली सोमवारची रिव्ह्यू मीटिंग आठवा. किती जण म्हणतात की सर, परवा क्लायंटला चुकीची फाइल जाता जाता राहिली?

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची एक थिअरी उडणाऱ्या लोकांना पाठ असते. ते चीजच्या कापांचं उदाहरण देतात, आपण चाळणी घेऊ. एकावर एक चार चाळण्या धरा. प्रत्येकीला भोकं आहेत, पण एकीची भोकं दुसरीने झाकली आहेत. अपघात केव्हा होतो? चारही चाळण्यांची भोकं एका रेषेत आली की. खराब हवा ही एक चाळणी. थकलेला माणूस दुसरी. पुढे ढकललेलं मेंटेनन्स तिसरी. ‘काहीही करून पोचायचंच’ असं सांगणारा साहेब चौथी. शेवटच्या चाळणीशी जो उभा असतो तो पायलट, म्हणून आपल्याला तोच दिसतो.

२२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ जण मेले, आठ वाचले. चौकशीत निघालं की उतरण्याची सगळी गणितं चुकली होती आणि को-पायलटने तीन वेळा म्हटलं होतं, पुन्हा वर जाऊ या. कॅप्टनने ऐकलं नाही. ज्युनियरने बोलावं आणि सीनियरने ऐकावं याचं रीतसर ट्रेनिंग वैमानिकांना मिळतं. तरीही हे घडलं. आपल्याकडे तर ट्रेनिंगही नाही, ‘यस सर’ आहे!

डोळे नाही, काटे बघ

हेलिकॉप्टरची गोष्ट विमानापेक्षा जरा वेगळी. ते खालून उडतं, धावपट्टी नसलेल्या ठिकाणी उतरतं, ढग-धुकं-डोंगर यांच्यातून वाट काढतं. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ एक हेलिकॉप्टर पडलं. गोल्फ कोर्सच्या हेलिपॅडवरून सकाळी उडालेलं, जुहूकडे निघालेलं. परिसरात दाट धुकं होतं. दोन पायलट आणि एक इंजिनीअर, तिघंही गेले. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतताना एक हेलिकॉप्टर कोसळलं. सात जण गेले, त्यात यवतमाळ जिल्ह्यातलं एक तरुण जोडपं आणि त्यांची चिमुकली होती.

धुक्यात नेमकं काय होतं? आपला तोल सांभाळतो कानाच्या आतला द्रव. जमिनीवर त्याला डोळ्यांची साथ असते. डोळ्यांसमोर सगळंच पांढरं झालं की मात्र हा द्रव थापा मारायला लागतो. हेलिकॉप्टर हळूहळू कलत असलं तरी पायलटला वाटतं, आपण सरळच आहोत. समुद्रावर तर ढगही लागत नाही. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होतात, क्षितिजच गायब! अशा वेळी नियम एकच. शरीर काय सांगतं ते सोडून द्यायचं, समोरचे काटे काय सांगतात ते मानायचं. ऐकायला सोपं आहे. पण सगळं अंग ‘सरळ’ म्हणत असताना एका डायलवर विश्वास ठेवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

म्हणून या मंडळींत ‘मी परत फिरलो’ असं सांगणाऱ्याला मान असतो. हवा वाईट म्हणून उड्डाण रद्द करणारा पायलट आपल्याला आडमुठा वाटतो. लग्नाचा मुहूर्त चुकतो, सभा चुकते, देवदर्शन चुकतं. पण पैसे मोजलेत म्हणून त्याच्यावर दबाव आणणारे आपण, म्हणजे चौथी चाळणी आपणच.

मग पुन्हा पुन्हा का?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की वा, काय शिस्तीची माणसं! थांबा. हे वाक्य मी जपूनच लिहितेय, कारण आकडे वेगळंही बोलतात.

बॉम्बे हायचाच समुद्र घ्या. ऑगस्ट २००३ मध्ये एमआय-१७२ हेलिकॉप्टर पडलं, २७ मृत्यू. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या सरावाला गेलेलं डॉफिन, दोघं पायलट गेले. जानेवारी २०१८, सात जण. २८ जून २०२२, सागर किरण या रिगजवळ एस-७६डी पाण्यात उतरलं. आत नऊ माणसं होती, पाच वाचली, चार गेली. समुद्र तोच. मशीन वेगवेगळी, कारणं वेगवेगळी असतील, पण घरी आलेला फोन एकच.

त्या निवृत्त कॅप्टनांना मी हे विचारलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले की रिपोर्ट वाचणं आमच्या हातात आहे, रिपोर्टमधल्या शिफारशी अमलात आणणं आमच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला पैसा लागतो, माणसं लागतात आणि आधी वेळ लागतो. त्यांच्या बोलण्यात इतका वेळ नसलेला राग इथे पहिल्यांदा जाणवला.

पण काही गोष्टी बदलल्या, हेही खरं. दादाने मला त्याच्या सगळ्यात नावडत्या ट्रेनिंगबद्दल सांगितलं. तलावात हेलिकॉप्टरच्या केबिनचा सांगाडा असतो. त्यात पट्टा बांधून बसवतात, केबिन पाण्यात सोडतात आणि उलटी करतात. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखे वरच्या बाजूला, म्हणजे वजन डोक्यावर. पाण्यात पडलं की ते बहुधा उलटतंच. तर नाकातोंडात पाणी, डोकं खाली, पाय वर, आणि तेव्हा करायचं काय? काहीच नाही! केबिन हलायची थांबेपर्यंत गप्प बसायचं. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट. आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा आणि हाताच्या दिशेने बाहेर. पट्टा आधी सोडला की माणूस आतच तरंगतो आणि दार कुठे, छत कुठे, काही कळत नाही. दादा पहिल्यांदा नेमका तोच आधी सोडून बसला आणि प्रशिक्षकाने त्याला ओढून बाहेर काढलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर सुरू झालं. लाटा, वारा, काळोख तयार करून तिथे हाच सराव होतो. २०२२ नंतर दादाच्या प्लॅटफॉर्मवर कुणी या ट्रेनिंगला ‘टाइमपास’ म्हणत नाही.

आणि आपला हायवे?

आम्ही बोलत होतो तिथून मुंबईकडे जाताना चारोटी लागतं. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथेच, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला. गेलेले दोघंही मागच्या सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितलं की त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. महिनाभर देशात मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा झाली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून सक्तीही जाहीर केली. पुलाची रचना, गाडीचा वेग, सगळ्याचा कीस पाडला गेला. म्हणजे ठरवलं तर आपल्यालाही अपघात ‘वाचता’ येतो!

पण एरवी? पंचनामा होतो, क्रेन येते, इन्शुरन्सचा क्लेम लागतो आणि ट्रॅफिक सुरू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साधारण ४६०. अहमदाबादच्या विमानात गेलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीही रोज. या ४६० जणांसाठी ब्लॅक बॉक्स कुणी शोधत नाही. त्यांचे ‘प्राथमिक अहवाल’ आपण वाचत नाही. अपघात थोडक्यात टळला की आपण म्हणतो, नशीब! पायलट मात्र त्यावर एक फॉर्म भरतो.

संध्याकाळी दादा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जुहूला रिपोर्ट करायचं होतं. डहाणू रोड स्टेशनला जाणारी शेअर इको समोर उभी होती. आठवं माणूस बसलं की सुटणार. दादा मागच्या सीटवर शिरला आणि सीटच्या फटीत हात घालून बेल्ट शोधायला लागला. बेल्ट कव्हरच्या खाली दाबला गेला होता. ड्रायव्हर आरशातून बघून हसला, “अरे भाऊ, मागे कोण बघतंय?” दादाने उत्तर दिलं नाही. कव्हर वर केलं, धूळ झटकली आणि क्लिक होईपर्यंत बेल्ट ओढत राहिला. बाजूची बाई थोडा वेळ बघत होती. मग तिने विचारलं, “माझ्या बाजूला पण आहे का हो?”

चौकट : चॉपरमध्ये बसायची वेळ आली तर...

देवदर्शन असो, जॉयराइड असो की कंपनीची साइट व्हिजिट, एवढं पाळाच :

• हेलिकॉप्टरकडे नेहमी पुढून, पायलटला दिसाल असंच जा. शेपटीकडे चुकूनही फिरकू नका. तिथला फिरता पंखा दिसत नाही.

• वाकून चाला. टोपी, ओढणी, स्कार्फ हातात घट्ट धरा. सेल्फी स्टिक आत बॅगेत.

• बसल्या बसल्या दोन गोष्टी बघून ठेवा : बेल्ट कसा सुटतो आणि आपल्या जवळची खिडकी किंवा दार कसं उघडतं.

• पाण्यावरून जात असाल तर लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा. आत फुगवलंत तर तेच तुम्हाला छताशी अडकवेल.

• पायलट ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नका. रिफंड मागा, चहा प्या, उद्या जा.